रॉड्रिग्ज : एका आडनावाचा प्रवास

डोंबिवलीत आमच्या शेजारी रॉड्रिग्ज आडनावाचे कुटुंब राहत असे. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" असे आलागेला त्या घरच्या आजींना म्हणे. आजींना मराठीखेरीज दुसरी भाषा येतच नव्हती. त्या नुसत्या हसत. माझा आडनावांचा नाद तिथून सुरू झाला.

स्पेनमध्ये हेच आडनाव 'रॉड्रिगेझ' होते. अर्थ साधा : रॉड्रिगोचा मुलगा. आपण वडिलांचे नाव मध्ये लावतो, ते पिढीगणिक बदलते. तिकडे ते आडनाव होऊन गोठले. रॉड्रिगो हे नावही मूळचे तिकडचे नव्हे. ते जर्मानिक आहे. त्यातल्या एका पदाचा अर्थ कीर्ती, दुसऱ्याचा सत्ता. ७११ साली अरबांकडून हरलेला व्हिसिगॉथ राजा रॉड्रिगोच. नाव घरोघरी, म्हणून आडनावही उदंड. दोन रॉड्रिग्ज एका कुळाचे असतील असे मुळीच नाही.

मग ठाण्याचे रॉड्रिग्ज कुठले? इथलेच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढे ठाणेही. बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. म्हणजे हे आडनाव रक्ताची नव्हे, एका विधीची खूण आहे. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली. यांच्यापैकी अनेकांनी १८८७ पासून स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतले, तेही गोवेकरांहून आपण वेगळे, इथलेच भूमिपुत्र, हे इंग्रजांना कळावे म्हणून. आजींना मात्र ते शेजाऱ्यांनाच सांगावे लागे.