मुंगूस झालं ‘मंगूज’

अकोला-अमरावतीकडे पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून पळणारं मुंगूस दिसलं, की पोरं त्याला तोंड दाखवायला रामाची शपथ घालतात. ते थांबतं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्याचं नाव मात्र दूर इंग्लंडपर्यंत गेलं. ‘मंगूज’ हा इंग्रजी शब्द मूळचा मराठी ‘मुंगूस’, असं इंग्रजी कोश सांगतात.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर असा हिंडला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द आढळतो. वाटेत पोर्तुगीजांचाही हात लागला असावा. फ्रेंचांनी ‘मांगूस्त’ केलं. आपला शब्दही एकटा नाही. तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडात ‘मुंगुसि’; संस्कृत ‘नकुल’ आणि हिंदी ‘नेवला’ मात्र वेगळ्या घरचे.

गंमत स्पेलिंगची. शेवटी ‘गूज’, म्हणजे हंसासारखा पक्षी, येऊन बसला, तरी दोघांचं नातं काहीच नाही. म्हणून अनेकवचन ‘मंगीज’ नव्हे, ‘मंगूजेस’.

शब्दामागोमाग प्राणीही परदेशी गेला. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये भारतातून जमैकात आणि तिथून १८८३ मध्ये हवाईत मुंगसं नेली. उंदीर हिंडतात रात्री, मुंगूस दिवसा. त्यामुळे स्थानिक पक्ष्यांची अंडीच फस्त झाली. ही मात्र मुंगसाची लहान जात. आपल्या शेतातलं मुंगूस राखाडी आणि अंगानं मोठं.