पद्मिनीची तिकोनी काच आणि एक तयार संशोधन-प्रश्न

पेट पास झालेल्या बऱ्याच जणांचा मला पहिला प्रश्न असतो, "टॉपिक आणायचा कुठून?" माझं काम रबर जुनं कसं होतं यावर आहे, म्हणून उदाहरण रबराचंच देतो. ते सापडलं राणीसावरगावात, मामांच्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीच्या दारात.

ही गाडी जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. पुढच्या दाराच्या मोठ्या काचेपुढे एक छोटी त्रिकोणी काच असते. गॅरेजमध्ये तिला तिकोनी काच म्हणतात. ती वर-खाली होत नाही, वर-खाली असलेल्या दोन खुंट्यांवर फिरते. एसी नव्हता तेव्हा बाहेरचा वारा अंगावर वळवायचं काम तिचंच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणून काढली, पद्मिनी हे नाव नंतरचं. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. म्हणजे काच फुटली तर नवी शोधत फिरावं लागतं.

मामांच्या तक्रारी दोन. पावसात पाणी आत येतं, त्याने पायाखालचा पत्रा गंजायला लागलाय. आणि गाडीने वेग घेतला की उघडलेली काच आपोआप मिटते. मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला, "रबर गेलं, बदला." पण काच मिटण्याचा रबराशी फारसा संबंध नाही. खालच्या खुंटीला स्प्रिंग, वॉशर आणि नट असतो. त्या घर्षणावर काच उघडी राहते. डोअर पॅड काढून नट थोडा आवळला की हे काम संपतं. रबरही त्याच वेळी बदललं असतं, तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळलंच नसतं.

आता खरी गंमत. काढलेली रबराची पट्टी नीट पाहिली तर तिचं दोन ठिकाणी दोन प्रकारे नुकसान झालंय. कोपऱ्यांवर आडव्या भेगा आहेत. सरळ बाजूला भेगा जवळपास नाहीत, पण ती चपटी झालीय आणि परत फुगत नाही. रबर एकच, वय एकच, ऊनही एकच.

कोपऱ्यात पट्टी वाकवलेली असते, त्यामुळे तिची बाहेरची बाजू ताणलेली राहते. हवेतला ओझोन अगदी थोडा असला तरी रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, आणि ताण असेल तिथे ताणाच्या दिशेला काटकोनात भेग उघडते. ताण नसेल तर तशी भेग पडत नाही. सरळ बाजू मात्र वर्षानुवर्षं काचेच्या चौकटीखाली दाबलेली. उष्णतेने आतले जुने जोड तुटले आणि दाबलेल्या आकारातच नवे जोडले गेले. याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. समजा 8 मिमीची पट्टी 6 पर्यंत दाबली होती आणि सोडल्यावर 6.5 वर थांबली. दाबली 2 मिमी, परत न आलेली 1.5 मिमी, म्हणजे सेट 75 टक्के. पाणी आत येतं ते यामुळे. पण 1986 ची मूळ जाडी कोण सांगणार? त्याच पट्टीचा चौकटीबाहेर राहिलेला, न दाबलेला तुकडा मोजायचा. तो सर्वांत जवळचा कंट्रोल.

ओव्हनमध्ये हे करता येणार नाही का? हिशोब करून बघा. तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, असा ढोबळ नियम धरला तर 70 अंशांवर 30 अंशांच्या 16 पट वेग मिळतो. 40 वर्षांसाठी ओव्हन अडीच वर्षं चालवावा लागेल. फेलोशिपच त्यात जाईल! 100 अंशांवर हेच काम चारेक महिन्यांत होतं, पण तेव्हा वरचा थर इतक्या लवकर कडक होतो की ऑक्सिजन आत पोचतच नाही. मग आपण वेगळीच गोष्ट मोजतो. परभणीचे उन्हाळे, पावसाळे आणि तो वाकलेला कोपरा, हे सगळं ओव्हनमध्ये एकत्र येत नाही. माझ्या मते भंगारातल्या अशा पट्ट्या आपल्याकडे फार स्वस्तात वाया जातात.

नवी पट्टी शक्यतो ईपीडीएमची घ्या. तिच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे ओझोनचं फार चालत नाही. बसवताना ग्रीस किंवा डिझेल लावू नका, दोन्ही प्रकारची रबरं तेलाने फुगतात. साबणाचं पाणी पुरे. काच अडली तर कड घासायचा मोह होतो. पण टफन्ड काचेचा पृष्ठभाग दाबात आणि गाभा ताणात असतो. कड घासली की अख्खी काच भुगा होऊ शकते. आधी चौकट वाकलीय का ते बघा, खुंट्या सरळ रेषेत आहेत का ते बघा.

जुनी पट्टी ठेवायची असेल तर ताणून किंवा गुंडाळून ठेवू नका. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सरळ ठेवा, अंधारात. आणि लेबल त्याच दिवशी लावा: गाडीचं वर्ष, डावं दार की उजवं, कोपरा की सरळ बाजू, गाडी उन्हात असायची की शेडमध्ये. रबर मधे कधी बदललं होतं का, हेही विचारा. मामा "कधीच नाही" म्हणतात. मी गॅरेजची जुनी बिलं मागितलीत.