स्त्रीचे ऋतुचक्र आणि स्नायूंचा थकवा

काही आजार असे आहेत की त्यांचे नाव कानावर पडताच घरची माणसे सावध होतात. क्षय म्हटला, हृदयविकार म्हटला, की कोणी थट्टा करीत नाही. परंतु एखादी स्त्री सकाळी धुणी-भांडी, झाडलोट सारे उरकते आणि संध्याकाळी तिला भाकरीचा घास चावताना जबडा हाताने सावरावा लागतो, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. त्यातून "पाळी जवळ आली की हे जास्त होते," असे तिने म्हटले तर विचारावयासच नको. "बायकांचे नेहमीचेच," एवढ्यावर तिच्या तक्रारीचा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे, आणि कधी कधी तो जिवावर बेततो, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

या आजाराला वैद्यकात मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. स्नायूंचे गंभीर दौर्बल्य, असा त्याचा सरळ अर्थ. १९८४ मध्ये अमिताभ बच्चन यांना तो जडला तेव्हा हे नाव आपल्याकडे वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. त्यामुळे हा पुरुषांचा रोग असावा असा कित्येकांचा ग्रह झाला असेल. वस्तुस्थिती अशी की चाळिशीच्या आत हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. साठीच्या पुढे मात्र पुरुषांचे प्रमाण वाढते. वयाप्रमाणे पारडे असे फिरते, यावरूनच स्त्रीच्या शरीरातील अंतःस्रावांचा याच्याशी काही संबंध असला पाहिजे, अशी शंका येते.

प्रथम आजार समजून घेऊ. रोहिणखेडच्या श्रोत्यांना त्यासाठी फार दूर जावयास नको. घाटाच्या पायथ्याच्या या गावाने १४३७ मध्ये एक आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी, अशा दोन लढाया पाहिल्या. लढाईत सेनापतीचा हुकूम तुकडीपर्यंत पोचला नाही, तर शिपाई कितीही दणकट असोत, ते जागच्या जागी उभे राहतात. आपल्या शरीरात मेंदू हा सेनापती आणि स्नायू हे शिपाई. हुकूम मज्जातंतूंतून येतो. पण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि स्नायूवरील ग्राहकांना जाऊन चिकटते. म्हणजे हुकूम पोचला. मायस्थेनियात शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्राहकांना शत्रू समजते आणि त्यांचा नाश करू लागते. पहिले काही हुकूम पोचतात, पुढचे वाटेतच विरतात. म्हणून सकाळी हात चालतो, संध्याकाळी चालत नाही. विश्रांती घेतली की पुन्हा थोडा चालतो. पापणी खाली येते, एकाची दोन दिसतात, वेणी घालताना हात वर धरवत नाहीत, कापूस वेचताना ओळ अर्ध्यावर सोडावी लागते.

या ज्ञानाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९३४ मध्ये इंग्लंडातील ग्रीनिच येथे मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या ध्यानात आले की या आजाराची लक्षणे क्युरारी या विषाच्या बाधेसारखी आहेत. त्या विषावरचा उतारा त्यांनी रोग्याला टोचला, आणि मिटलेली पापणी उघडली. आज दिली जाणारी पायरिडोस्टिग्मीनची गोळी ही त्याच उपायाची पुढची पिढी होय. ही गोळी असिटिलकोलीनचे विघटन लांबवते, म्हणजे हुकूम फटीत अधिक वेळ टिकतो. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत सशांवर झालेल्या प्रयोगांनी हा रोग शरीराच्या स्वतःवरील हल्ल्यातून होतो हे सिद्ध झाले. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीचा या हल्ल्याशी संबंध असतो, आणि योग्य रोग्यांत ती काढल्याने गुण येतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनेही दाखविले.

आता पाळीचा प्रश्न. या रोगाच्या पुष्कळ स्त्रिया सांगतात की पाळीपूर्वीचे दोन-चार दिवस आणि पाळीचे पहिले दिवस अधिक जड जातात. हा मनाचा खेळ नव्हे. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन हे दोन मुख्य अंतःस्राव महिन्याच्या क्रमाने चढतात आणि उतरतात. संरक्षक यंत्रणेच्या पेशींवर या दोहोंचा परिणाम होतो. इस्ट्रोजेन प्रतिद्रव्ये निर्माण करण्यास हातभार लावते. पाळीपूर्वी दोन्ही स्राव झपाट्याने उतरतात आणि त्या सुमारास समतोल ढळतो. दुसरेही एक साधे कारण आहे. पाळीपूर्वीच्या पंधरवड्यात शरीराची उष्णता किंचित, अर्ध्या अंशाच्या आतबाहेर, वाढलेली असते. मायस्थेनियाला उष्णता मानवत नाही. उतरलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली तर ती थोडी वर येते, आणि डॉक्टर याच गोष्टीचा परीक्षेसाठी उपयोग करतात. आमच्या विदर्भातील वैशाखात हा अर्धा अंश किती महाग पडत असेल, हे सांगावयास नको.

गरोदरपणात हा क्रम पुन्हा बदलतो. कोणाला बरे वाटते, कोणाचे दुखणे वाढते, कोणाचे तसेच राहते. पहिले तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे विशेष जपावे लागतात. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेट टोचतात. इतर बायांना ते जीवदान देते; परंतु मायस्थेनियाच्या रोग्याचा श्वास त्याने बंद पडू शकतो. म्हणून बाळंतपणाला नेताना आजाराचे नाव सर्वांत आधी सांगावे, कागद नंतर काढावेत.

मग पाळी जाण्याचा काळ येतो. आपल्याकडे तो बहुधा पंचेचाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान येतो. पाळी थांबली की महिन्याची भरती-ओहोटीही थांबेल, अशी आशा वाटणे साहजिक आहे, आणि कित्येकींना त्या बाबतीत थोडे स्थैर्य लाभतेही. परंतु पाळी एकदम जात नाही. आधी वर्ष-दोन वर्षे, कधी अधिक काळ, ती अनियमित होते, आणि तेवढा काळ दुखण्याचाही अंदाज लागेनासा होतो. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम येतो, झोप मोडते. उष्णता आणि जागरण हे दोन्ही या रोगाचे मित्र, म्हणजे रोग्याचे वैरी. झोप यावी म्हणून कोणी परस्पर गोळी घेतली, तर काही झोपेच्या गोळ्या आधीच थकलेल्या श्वासाच्या स्नायूंना आणखी शिथिल करतात. याच वयात हाडांचाही प्रश्न उभा राहतो. या आजारात प्रेडनिसोलोनसारखी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, त्यांनी हाडे विरळ होतात. आणि इस्ट्रोजेन कमी झाल्यानेही हाडे विरळ होतात. दोन उंदीर एकाच पोत्याला लागावेत तसा हा प्रकार. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी यांविषयी डॉक्टरांना विचारण्याची हीच वेळ. आणखी एक फसगत होते ती अशी, की थकवा आला म्हणजे तो "पाळी जाण्याचा" असे ठरून जाते. पंडुरोग, थायरॉइडचा दोष किंवा मायस्थेनियाच बळावणे, यांपैकी काहीही त्याच्या आड दडलेले असू शकते.

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पाळीचा त्रास म्हणजे पिशवीचा दोष, आणि पिशवी काढली की सारे मिटले, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची २०१९ मध्ये शासनाने पाहणी करविली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मायस्थेनियाच्या स्त्रीने तर हा मार्ग मुळीच जवळचा समजू नये. रोग पिशवीत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर जे वर्षांच्या ओघात हळूहळू व्हावयाचे ते एका दिवसात होते, आणि भुलीची व शस्त्रक्रियेची जोखीम या रोगात इतरांहून अधिक असते. गाठ, रक्तस्राव, कर्करोग असे खरे कारण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मज्जातंतूंच्या तज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा.

मग करावयाचे काय? एक साधी वही ठेवावी. रोजची तारीख, पाळीचा दिवस, गोळीची वेळ, आणि पापणी, चावणे, जिना चढणे कसे होते, एवढे चार शब्द पुरे. तीन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या म्हणजे "बायकांचे नेहमीचेच" हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीत टिकत नाही. औषधाचे प्रमाण कोणत्या दिवसांत बदलावे, हे त्यांना ठरविता येते. स्वतःच्या मनाने मात्र गोळी वाढवू नये. जादा गोळीनेही अशक्तपणाच येतो. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नये. सणासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. तापासाठी वा जुलाबासाठी औषध घेताना दुकानदाराला आजार सांगावा, कारण काही प्रतिजैविके या रोगात वर्ज्य आहेत. आणि एक कसोटी घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. एका श्वासात वीसपर्यंतही मोजता येईना, गिळताना ठसका लागू लागला, आवाज नाकातून येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

हा आजार मुळासकट जातो असे नाही. परंतु योग्य उपचाराने बहुतेक रोगी आपले संसार, नोकऱ्या, शेती सांभाळतात. औषध पुरविणे डॉक्टरांचे काम आहे. पण सोसणारीचे म्हणणे खरे मानणे हे काम घरातल्या माणसांचे आहे. त्याला पैसा लागत नाही, तालुक्याला जावे लागत नाही. ती म्हणते "आज हात उचलत नाही," तर तो उचलत नाही असे समजावे, आणि हंडा आपण उचलावा. उपचाराची सुरुवात तेथून होते.