माकडतापाचा विषाणू आणि प्रथिनांचे व्याकरण : मशीन लर्निंगची उपयुक्तता व मर्यादा

गोव्याच्या उत्तर टोकाला असलेले पेडणे व डिचोली हे तालुके महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहेत. पेडण्यातील पत्रादेवी ओलांडली की बांदा लागते. डिचोलीच्या उत्तरेस दोडामार्ग आणि पूर्वेस सत्तरी. काजूच्या बागा आणि रान हे या सर्व पट्ट्यात सलग आहे. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावी काजूच्या बागेत काम करणाऱ्यांमध्ये माकडतापाची साथ आली. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतर बांदा परिसरात रुग्ण आढळले. म्हणजे साथीची नोंद झालेली दोन क्षेत्रे डिचोली-पेडण्याच्या दोन बाजूंना आहेत. चेकनाक्यावर माणसाचे ओळखपत्र तपासता येते. गोचिडीचे येत नाही.

माकडतापाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे आजारी पडली, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, हा विषाणू शोधून काढला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे तो पसरत नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम असून काजू गोळा करण्याचे दिवसही त्यातच येतात. त्यामुळे पाचोळ्यात वाकून बोंडू वेचणाऱ्या मजुराला धोका सर्वाधिक असतो.

सत्तरीत आणि दोडामार्गात आलेला विषाणू १९५७ चाच आहे काय, हा प्रश्न लसीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेलेली लस १९५७ साली मिळालेल्या विषाणूपासून तयार केलेली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन मात्रा घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळाल्याचे, तर एकच मात्रा घेतलेल्यांना काहीच संरक्षण न मिळाल्याचे दिसले. पुढे २०२२ च्या सुमारास या लसीचा वापर थांबविण्यात आला. नव्या लसीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी यांचे प्रयत्न चालू आहेत.

वरील प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले. १९५७ ते २०१७ या काळातील ४८ संपूर्ण जनुकसंचांची तुलना करता, २००६ नंतरचे विषाणू १९५७ ते १९७२ मधील विषाणूंपेक्षा सुमारे २.७६ टक्क्यांनी वेगळे असल्याचे आढळले. ही शाखा १९८० च्या सुमारास फुटली असावी. कर्नाटकातून गोवा व महाराष्ट्राकडे प्रसार झाल्याच्या खुणा त्यात दिसतात, आणि महाराष्ट्र हे सुमारे २०१३ पासून प्रसाराचे नवे केंद्र झाले असावे असाही अंदाज निघतो. दोडामार्गातील साथ २०१६ ची. म्हणजे हा अंदाज बरोबर असेल, तर रुग्णांची नोंद होण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे विषाणू रानात वावरत होता.

हे काम संख्याशास्त्रीय वंशवृक्षाचे आहे, मशीन लर्निंगचे नव्हे. वंशवृक्ष काय घडून गेले ते सांगतो. पुढे काय घडू शकेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि मशीन लर्निंगचा खरा उपयोग तेथे सुरू होतो.

याच अभ्यासातील एक तपशील शिक्षकांना वर्गात विशेष उपयोगी पडेल. विषाणूच्या बाह्य आवरणावरील ई नावाच्या प्रथिनात १२३ व्या स्थानी काही विषाणूंत अॅलानीन तर काहींत थ्रिओनीन हे अमिनो आम्ल आढळते, आणि हा बदल नैसर्गिक निवडीने टिकला असावा असे पुरावे मिळाले. अॅलानीनचा संकेत जीसीने, तर थ्रिओनीनचा एसीने सुरू होतो. म्हणजे जी या एका अक्षराच्या जागी ए आले की पुरे. मात्र परिणाम अक्षराएवढा लहान असेलच असे नाही. अॅलानीन हे पाण्यापासून दूर राहणारे लहान आम्ल आहे, तर थ्रिओनीनवर पाण्याशी जुळणारा हायड्रॉक्सिल गट असतो. ई प्रथिनाचे रेणू आवरणावर जोडीजोडीने बसतात आणि १२३ वे स्थान या जोडाजवळच येते. तेथील बदलाने जोड सैल होतो की घट्ट, हे प्रयोगानेच ठरवावे लागेल.

ई प्रथिनात सुमारे पाचशे अमिनो आम्ले आहेत. प्रत्येक स्थानी उरलेल्या एकोणीसपैकी कोणतेही आम्ल येऊ शकते, म्हणून एका बदलाचे सुमारे ९,५०० प्रकार संभवतात. दोन बदल एकत्र धरले की ही संख्या साडेचार कोटींवर जाते. प्रयोगशाळेत इतके रेणू तयार करून तपासणे शक्य नाही. यांपैकी बहुतेक बदलांनी प्रथिन मोडते आणि विषाणू टिकत नाही. मूठभर बदल असे असतात की विषाणूही जगतो आणि शरीरातील प्रतिपिंडांना तो ओळखूही येत नाही. शोध घ्यायचा तो या मूठभरांचा.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२१ साली यासाठी भाषेची उपमा केवळ समजावण्यासाठी नव्हे, तर प्रत्यक्ष गणितात वापरली. ‘शेतकरी शेत नांगरतो’ हे वाक्य घ्यावे. ‘शेतकरी शेत कुळवतो’ म्हटले तर व्याकरण शाबूत राहते, अर्थही फारसा बदलत नाही. ‘शेतकरी शेत तो’ म्हटले तर वाक्यच मोडते. ‘शेतकरी शेत विकतो’ या वाक्याचे व्याकरण निर्दोष आहे, पण अर्थ पार पालटला. विषाणूच्या दृष्टीने व्याकरण म्हणजे जगण्याची क्षमता आणि अर्थ म्हणजे प्रतिपिंडांना दिसणारे रूप. व्याकरण राखून अर्थ पालटणारे बदल हेच धोक्याचे. संगणकाला व्याकरणाचे नियम कोणी सांगितलेले नसतात. असंख्य प्रथिनांच्या क्रमवारीतील एकेक अक्षर झाकून ते ओळखण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला जातो आणि चुकांमधून तो स्वतःची गणिते सुधारतो. लहान मूल ऐकून ऐकून बोली शिकते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. मात्र मूल फार थोड्या वाक्यांत शिकते, यंत्राला कोट्यवधी लागतात.

२०२३ साली हार्वर्ड व ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलेली ईव्हीएस्केप ही पद्धत आणखी एक पाऊल पुढे जाते. बदलानंतर प्रथिन काम करील काय, ते स्थान प्रतिपिंडांच्या आवाक्यात आहे काय, आणि नवे आम्ल जुन्याहून गुणधर्माने किती भिन्न आहे, या तीन गोष्टींचा ती एकत्र विचार करते. कोरोनाची साथ येण्यापूर्वी उपलब्ध असलेल्या माहितीवरच शिकवूनही तिने पुढे प्रत्यक्षात आलेले अनेक बदल आधी हेरले, आणि त्यात ती प्रयोगशाळेतील मोठ्या चाचण्यांच्या तोडीस तोड ठरली. लासा व निपाह यांसारख्या कमी अभ्यासलेल्या विषाणूंसाठीही ती वापरण्यात आली. माकडताप याच वर्गातला आहे, आणि म्हणून तिची येथे दखल घ्यावयाची.

प्रथिनाच्या घडीचा प्रश्न आता बराच सुटला आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून त्रिमितीय आकार सांगणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली २०२० च्या स्पर्धेत सरस ठरली आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर व डेव्हिड बेकर यांना मिळाले. यांपैकी बेकर यांचे काम उलट दिशेचे आहे. हवा तो आकार आधी ठरवावयाचा आणि त्याला साजेसा क्रम मागून शोधावयाचा, यालाच प्रथिनांची रचना करणे म्हणतात. त्यांच्या संस्थेने संगणकावर रचलेल्या सूक्ष्मकणावर आधारित कोरोना लसीला २०२२ साली दक्षिण कोरियात मान्यता मिळाली. ती रचना मशीन लर्निंगच्या आधीच्या संगणकीय पद्धतीने केलेली होती, हे अनेक लेखांतून सुटते. अशा कणावर माकडतापाचे ई प्रथिन बसविता येईल, ही कल्पना तत्त्वतः अवघड नाही.

अडचण माहितीची आहे. कोरोना विषाणूचे दीड कोटीहून अधिक जनुकक्रम जगभरातून जमा झाले. माकडतापाच्या साठ वर्षांच्या इतिहासासाठी वरील अभ्यासाला मिळाले ४८. इतर विषाणूंवर शिकलेले प्रारूप या उणिवेची काही भरपाई करते, कारण गोचिडींतून पसरणाऱ्या जवळच्या विषाणूंचे व्याकरण बरेच समान असते. जेद्दा येथे १९९५ साली एका खाटिकाच्या रक्तात सापडलेला अल्खुर्मा विषाणू हा माकडतापाचा सर्वांत जवळचा नातलग होय. इजिप्तचे विषाणूतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झकी यांनी तो शोधला. त्यांनीच पुढे २०१२ मध्ये मर्स हा विषाणूही ओळखला. एका रुग्णाचा नमुना नीट जपून तपासल्याने दोन देशांतील विषाणूंचे नाते उलगडले, हे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे.

त्यामुळे पेडणे किंवा डिचोलीतील एखाद्या बागेत मेलेले माकड दिसणे आणि त्याची खबर पशुवैद्यकाला देणे, ही यंत्राला शिकविण्याच्या साखळीतील पहिली कडी आहे. अशा माकडाला हात लावू नये, कारण उपाशी गोचिडी त्याच्या अंगावरून उतरून आसपास पसरलेल्या असतात. काजूच्या दिवसांत अंगात ताप, डोकेदुखी व स्नायूदुखी असताना मजुराने ‘उन्हाचा ताप’ म्हणून घरीच राहिल्यास त्याच्या रक्तातील विषाणूचा क्रम कोठेच नोंदला जात नाही. पहिल्या काही दिवसांनंतर रक्तातून विषाणू मिळणे कठीण होत जाते.

महाविद्यालयात यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. ई प्रथिनाचा क्रम सार्वजनिक संग्रहात विनामूल्य मिळतो आणि कोलॅबफोल्ड या साधनाने साध्या इंटरनेट जोडणीवर त्याची घडी पाहता येते. विद्यार्थ्यांनी १२३ व्या स्थानी आधी अॅलानीन, मग थ्रिओनीन ठेवून दोन्ही आकृत्या शेजारी मांडाव्यात. त्या बहुधा जवळजवळ सारख्याच दिसतील. एका आम्लाच्या बदलाचा परिणाम दाखविण्यात ही साधने कमी पडतात; मग निवडीने टिकलेला बदल आकृतीत का दिसत नाही, ही चर्चा त्याच तासाला सुरू करता येईल.