पुनरागमनाची चिन्हे आणि केडगावचे संजीवन

येशू ख्रिस्त जगाच्या अंती पुन्हा येणार, ही ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत धारणा होय. तिच्यासाठी नव्या करारात वारंवार येणाऱ्या ‘पारुसिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आगमन असा आहे, तसाच उपस्थिती असाही आहे. या आगमनाची पूर्वचिन्हे कोणती, असा प्रश्न शिष्यांनी जैतुनांच्या डोंगरावर विचारल्याचे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात नमूद आहे.

त्या उत्तराचे तीन भाग पाडता येतात. युद्धे, दुष्काळ व भूकंप ही चिन्हे प्रथम येतात. परंतु त्यांना केवळ वेदनांचा प्रारंभ म्हटले आहे. दुसरे चिन्ह म्हणजे सर्व राष्ट्रांत होणारी सुवार्तेची घोषणा. तिसरा भाग मर्यादा घालणारा आहे : तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही. सारांश, जागृत राहण्याची आज्ञा आहे. गणिताला मात्र आधार नाही. अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला आणि तो इतर दिवसांसारखाच मावळला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

महाराष्ट्रात या विचाराचा अभ्यास करण्यास पुणे जिल्ह्यातील केडगाव हे उपयुक्त स्थळ आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व विधवा यांना पंडिता रमाबाईंनी येथे आणले आणि १८९८ मध्ये ‘मुक्ति’ सदनाची स्थापना केली. दुष्काळ हे पहिल्या प्रकारचे चिन्ह या रहिवाशांनी ग्रंथात वाचण्यापूर्वीच भोगले होते. तथापि, जून १९०५ च्या अखेरीस तेथे जे आध्यात्मिक संजीवन झाले, त्याचा अर्थ लावताना आपत्तीपेक्षा आत्म्याच्या वर्षावाकडे अधिक लक्ष गेले. मिनी एब्रम्स या तेथील मिशनरी बाईंनी १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले.

या अर्थाचे मूळ योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. पुत्रांप्रमाणेच कन्याही संदेश देतील, दासींवरही आत्मा ओतला जाईल, असे तेथे म्हटले आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने ते वचन शेवटच्या दिवसांना लावले आहे. ज्या बालविधवेला घरात बोलण्याचीही मुभा नव्हती, तिला प्रार्थना व उपदेश करण्याचा अधिकार या वाचनातून मिळत होता. युगान्ताच्या कल्पनेचे हे सामाजिक अंग दुर्लक्षिण्यासारखे नाही.

योएलच्याच ग्रंथातील ‘उत्तर पाऊस’ ही प्रतिमा विसाव्या शतकाच्या आरंभी पेंटेकॉस्ट पंथीयांत रूढ झाली. मराठी बायबलात ‘आगोटीचा’ व ‘वळवाचा’ पाऊस असे शब्द योजलेले आढळतात. आपल्याकडे वळीव आगोटीच्या आधी, चैत्र-वैशाखात पडतो व पेरणीची चाहूल देतो. पॅलेस्टाईनमध्ये क्रम उलट आहे : पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पेरणीसाठी, तर दुसरा मार्च-एप्रिलमध्ये, कापणीपूर्वी दाणा भरण्यासाठी. कापणी म्हणजे युगाची समाप्ती, असे मत्तयाच्या १३ व्या अध्यायात स्पष्टीकरण आहे. म्हणून ‘उत्तर पाऊस’ हे आरंभाचे नव्हे, तर समाप्तीच्या निकटतेचे चिन्ह ठरते. हा ऋतुभेद ध्यानी न घेतल्यास मराठी वाचकाला प्रतिमेचा नेमका उलटा बोध होण्याचा संभव आहे.

युद्ध, दुष्काळ किंवा भूकंप श्रद्धावंताच्या हाती नसतात. सुवार्तेची घोषणा मात्र त्याच्या हाती असते. त्यामुळे प्रतीक्षेचे रूपांतर कार्यात होऊ शकते. केडगावच्या मुली गटागटाने भोवतालच्या खेड्यांत प्रचारास गेल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. मिलरपंथीयांची प्रतीक्षा एका तारखेवर येऊन थांबली; केडगावच्या प्रतीक्षेला तारीख नव्हती, आणि म्हणूनच ती तारखेबरोबर निष्फळ ठरली नाही. चिन्हे पाहण्याच्या वृत्तीचे मूल्यमापन करताना ती श्रद्धावंताला गणिताकडे नेते की कर्तव्याकडे, हा भेद प्रथम पाहिला पाहिजे.