चारी चाके ओढतात, पण गाडी थांबवते कोण?

नाशिक जिल्ह्यातल्या बागायती गावांत फेरफटका मारला, तर पूर्वी जिथे बैलजोडी बांधलेली असे तिथे आज ट्रॅक्टर आणि त्याच्या शेजारी एखादी उंच, दणकट मोटार उभी दिसते. द्राक्षाचे चार पैसे हाती आले की घरातली मंडळी गाडीचा विचार करू लागतात आणि तो बहुधा बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा थार यांपाशी येऊन थांबतो. त्यात नवल नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, तिचाच वंश पुढे सातपूरच्या कारखान्यापर्यंत आला. सिएटचा टायर-कारखानाही सातपुरातच आहे. म्हणजे गाडी आपल्या गावची आणि टायरही आपल्याच गावचा! पण गाडी घेताना महिनाभर चौकशी करणारा आपला शेतकरी टायर घेताना दुकानदारापुढे पाच मिनिटेही उभा राहत नाही. ‘नाना, हाच घ्या, दोन पैसे स्वस्त पडेल,’ एवढ्यावर सौदा होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. गाडी उंच आहे, मागे स्टेपनी टांगलेली आहे म्हणजे ती ‘फोर बाय फोर’ असते असे नव्हे. आपल्या गावांतल्या बहुतेक बोलेरो आणि पुष्कळशा स्कॉर्पिओ यांची फक्त मागची दोन चाके ओढतात. ज्या गाडीत टू-एच, फोर-एच, फोर-एल असा दांडा किंवा खटका असतो, तिची चारी चाके आपण सांगू तेव्हाच ओढतात. काही नव्या गाड्यांत हे काम गाडी आपणहून करते. एक चाक घसरू लागले की दुसऱ्या बाजूच्या चाकांना जोर पोहोचतो. तिला ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणतात. आपल्या घरी यांपैकी कोणती गाडी आहे, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

द्राक्षबागेत फवारणीसाठी ज्यांच्याकडे चारी चाके ओढणारा छोटा ट्रॅक्टर आहे, त्यांना या विद्येचा गुण वेगळा सांगायला नको. ओल्या सरीत दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टर जिथे जागच्या जागी गरगरतो, तिथे हा पुढच्या चाकांनी स्वतःला बाहेर खेचतो. मोटारीचेही तसेच. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड, चांदवड भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, त्यानंतरच्या दिवसांत मळ्याच्या वाटा कशा झाल्या होत्या हे ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. घरात बाळंतपणाची बाई असो की छातीत कळ आलेला म्हातारा, अशा रात्री मळ्यातून डांबरी सडकेपर्यंत पोहोचवणारी गाडी दारात असणे ही चैन म्हणता येणार नाही.

परंतु ओढणे वेगळे आणि थांबणे वेगळे. गाडीला दोनाऐवजी चार बैल जुंपले म्हणून उतारावर ती लवकर थांबते काय? ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारी चाकांना असतात. ब्रेक दाबल्यावर चाक आवळले जाते खरे, पण गाडीला रोखून धरतो तो तळहाताएवढा रबराचा तुकडा, जो त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो. असे चार तळहात, आणि त्यांवर दीड-दोन टनांची गाडी व आपले सारे कुटुंब. वेग ताशी ४० चा ८० केला की ब्रेकने थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. फोर बाय फोरवाल्याचा घात होतो तो इथेच. चिखलातून गाडी सहज निघाली म्हणून त्याचा हात सैल सुटतो आणि पुढच्या वळणावर तीच गाडी दुसऱ्या कोणत्याही गाडीसारखी घसरते.

आता थंडीकडे वळू. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी झालेल्या आहेत. मग परदेशात वापरतात तसे हिवाळी टायर आपणही घ्यावेत काय, असा प्रश्न अलीकडे कानावर येतो, कारण गावोगावची मुले आता कॅनडा-जर्मनीत आहेत आणि त्यांनी पाठविलेल्या छायाचित्रांत बर्फात उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथली कुटुंबे टायरांचे दोन संच बाळगतात, आपल्याकडे खरिपाचे बियाणे वेगळे आणि रब्बीचे वेगळे, तसेच. कारण असे की, साधारण सात अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. अशा टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. बर्फावर साधे टायर लावलेल्या फोर बाय फोरपेक्षा हिवाळी टायर लावलेली साधी मोटार लवकर थांबते, हे तिकडच्या चालकांना पक्के ठाऊक आहे.

आपल्याला मात्र हे टायर नकोत. निफाडला पहाटे पारा पाचवर असला तरी दहा वाजता अंगातला स्वेटर उतरवावा लागतो आणि दुपारी ऊन चटकते. ते मऊ रबर आपल्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजेल आणि ब्रेकही नीट लागणार नाही. पैसे जातील ते वेगळेच.

कोणी सहकुटुंब डिसेंबरात मनालीला स्वतःची गाडी घेऊन जाणार असेल, तर गोष्ट निराळी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून आपल्याकडची मंडळीही थेट लाहौलपर्यंत जाऊ लागली आहेत. बर्फ पडले की तिथे फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. पण पुढे सोडले याचा अर्थ आपण सुरक्षित झालो असा नाही. ओढणाऱ्या चाकांना साखळ्या लावाव्यात, त्या लावून अगदी हळू जावे आणि बर्फ संपताच काढाव्यात. आमचे मत विचाराल तर आपली गाडी खालीच ठेवून तिथला चालक व तिथली गाडी करावी. बर्फावर गाडी चालवणे हे दोन दिवसांत येणारे काम नव्हे आणि मागे लेकरे बसलेली असताना ते शिकू नये.

आपल्या हिवाळ्याचे धोके दुसरेच आहेत. पहिला हवेचा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरातली हवा साधारण एका आकड्याने कमी होते. भर दुपारी, गाडी पळवून आणल्यावर पंपावर ३२ हवा भरून घेतली, तर डिसेंबरच्या पहाटे तोच टायर २८-२९ दाखवील. त्यात आपण पहाटेच माणसे आणि द्राक्षाचे चार क्रेट घालून निघणार! कमी हवेचा टायर कडेने घासतो, वळणावर लोळतो, तापतो आणि केव्हातरी फुटतो. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी पाहावी. हवा पाहण्याचे छोटे यंत्र घरीच ठेवावे, ते महाग नसते. किती हवा हवी, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचा आकडा अनेकदा जास्त असतो.

दुसरा धोका सडकेचा. या दिवसांत ऊस व कांद्याच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात. पालखेड कालव्याचे आवर्तन सुटले की मळ्यांतून निघणारे ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, तिच्यावर पहाटेचे दव पडते, वर धुके. ती सडक म्हणजे साबण लावलेली फरशीच. तिच्यावर नक्षी झिजलेला टायर टिकत नाही. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आम्ही तर म्हणू, तीन मिलिमीटरवर आला की पैशांची तजवीज सुरू करा.

टायर निवडताना आपली गाडी वर्षातले किती दिवस कुठे चालते याचा हिशेब करावा. बहुतेक वेळ नाशिक-पिंपळगाव अशी डांबरी धाव असेल, तर सडकेसाठी केलेला साधा टायरच उत्तम. पाहुण्यारावळ्यांत रुबाब दिसावा म्हणून काही तरुण मंडळी मोठमोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर बसवतात. तो गुरगुरतो, डिझेल खातो आणि ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबतो. शिवाय आपली काळी माती इतकी चिकट, की कमी ठोकळ्यांच्या खाचा चार वेढ्यांतच लिंपून जातात व टायर गुळगुळीत होतो. ज्यांचा मळा सडकेपासून लांब आहे, किंवा ज्यांना सुरगाणा-पेठच्या डोंगराळ वाटा नेहमीच्या आहेत, त्यांनी दोहोंच्या मधला, दुकानदार ज्याला ‘ऑल टेरेन’ म्हणतात तो घ्यावा. माप मात्र कारखान्याने दिलेलेच ठेवावे. २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असेल तर रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिंग १५ इंची, असा अर्थ. कडेवर चार आकड्यांचा शिक्काही असतो. ३५२४ म्हणजे २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर याच आकड्यावरून ओळखता येतो.

चारी चाके ओढणाऱ्या गाडीला आणखी एक पथ्य आहे. तिचे चारही टायर एका मापाचे, एका जातीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. पुढे जुने, मागे नवे असे झाले की चाकांचा घेर कमी-जास्त होतो आणि ती एकमेकांशी झगडू लागतात. हा भार गिअरपेटीवर पडतो, आणि तिची दुरुस्ती चार टायरांहून महाग. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची जागा बदलून घ्यावी. याच कारणाने कोरड्या डांबरावर दांडा फोर-एचमध्ये ठेवू नये. वळणावर पुढची चाके आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत. चिखलात ती जराशी घसरून सावरतात, डांबरावर त्यांना तशी मोकळीक मिळत नाही. ज्यांची गाडी दोन चाकांवर ओढणारी आहे आणि एका वेळी दोनच टायर परवडतात, त्यांनी नवे टायर मागे टाकावेत. आपल्याकडे ते पुढे टाकण्याची रीत आहे. पण मागचे चाक घसरले की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे कसलेल्या चालकालाही कठीण जाते.

राहता राहिली स्टेपनी. मागच्या दारावर ती वर्षानुवर्षे ऊन खात टांगलेली असते, नक्षी कोरी असते म्हणून आपण तिला नवी समजतो. तिचाही चार आकड्यांचा शिक्का पाहा, कडेला बारीक भेगा आहेत का ते पाहा आणि चार टायरांची हवा पाहाल त्या सकाळी पाचव्याचीही पाहा.