आजची साधी गाडी, उद्याची ठेव

जुन्या मोटारींची फेरी निघाली की रस्त्याच्या दुतर्फा गर्दी जमते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, लांबलचक ब्यूइक, लखलखते पितळी दिवे. या गाड्या टिकल्या यात नवल नाही. त्या पहिल्या दिवसापासून मौल्यवान होत्या. त्यांना गॅरेज होते, पुसायला माणूस होता. आज बोलायचे आहे ते आपल्या सोसायटीत, चाळीखाली उभ्या असलेल्या साध्या गाड्यांविषयी. त्यांतली कोणती गाडी उद्या अशा फेरीत मानाने चालेल? हे आधी ओळखता येते का? थोडेफार येते. त्याच्या काही खुणा आहेत.

पहिली खूण आठवणीची. लहानपणी ज्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून आपण मामाच्या गावाला गेलो, ती गाडी माणूस पन्नाशीकडे झुकल्यावर, हाती चार पैसे आल्यावर शोधू लागतो. म्हणून गाडीचे दिवस फिरायला पंचवीस-तीस वर्षे जावी लागतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हीसुद्धा ऐतिहासिक वाहनासाठी किमान ३० वर्षांचे वय धरते.

दुसरी खूण दुर्मिळतेची, आणि इथे एक गंमत आहे. गाड्या किती बनल्या याला फारसे महत्त्व नाही; किती उरल्या याला आहे. साधी गाडी कोणी जपत नाही. ती पार झिजेपर्यंत वापरली जाते आणि मग भंगारात जाते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी एके काळी मुंबईच्या प्रत्येक नाक्यावर काळ्या-पिवळ्या रंगात उभी असे. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा कुठे लोक हळहळले. काल जिच्यात बसायला नाक मुरडत होते, तीच आज हौशी मंडळी हुडकत फिरतात.

तिसरी खूण अशी, की त्या गाडीने जगण्यात काही फरक पाडला का? मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये ती बंद झाली. पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या, पण १९८६ मध्ये तिचे रूप बदलले. त्यापूर्वीची, पहिल्या घडणीची गाडी आज क्वचितच दिसते. देशातल्या पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली होती. २०१० मध्ये ते गेल्यानंतर तीच गाडी घरापुढे उघड्यावर गंजत पडली. पुढे कंपनीने ती मूळ रूपात आणली आणि आपल्या मुख्यालयात ठेवली. पहिल्या गाडीची ही कथा, तर बाकीच्यांचे काय सांगावे?

चौथी खूण मिस्त्रीच्या हातातली. पद्मिनीचा कार्बोरेटर कोपऱ्यावरचा मिस्त्री फुंकर मारून साफ करी. आजच्या गाडीत संगणक आहे, पडदे आहेत. ते बंद पडले आणि पार्ट मिळेनासे झाले, की चकचकीत गाडीही जागची हलत नाही. अलीकडच्या पुष्कळ गाड्या इथेच मार खातील.

या खुणा लावून माझा अंदाज असा: १९८६ पूर्वीची मारुती, पुण्यात बनलेली, मागे वळणदार काचा असलेली तीन दारांची टाटा सिएरा, जिच्या नावाची नवी गाडी कंपनीने २०२५ मध्ये पुन्हा आणली, आणि तिसरी, नॅनो. २००९ ते २०१८ एवढेच तिचे आयुष्य. एक लाखाची गाडी म्हणून तिची चेष्टा झाली. पण तिच्यामागची कल्पना मोठी होती, आणि स्वस्त म्हणूनच तिला कोणी जपत नाही. जपून ठेवलेली एखादी नॅनो २०४० च्या सुमारास पाहण्यासारखी गोष्ट असेल.

अडचण आहे ती मधल्या काळाची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आणि शुल्क. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती ५० वर्षे पूर्ण केलेल्या वाहनाला. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना ऐतिहासिक. घरच्यांच्या लेखी नुसती अडगळ. उद्याच्या क्लासिक गाड्या मरतात त्या याच काळात.

म्हणून घरात अशी गाडी असेल आणि ती ठेवायची असेल, तर थोडी पथ्ये पाळावीत. आर. सी. बुक, पहिले बिल, सोबत आलेली पुस्तिका सांभाळावी. मूळ रंग फिका पडला तरी हौसेने दुसरा देऊ नये; लांबी भरून झाकलेला गंज आतून पत्रा खात राहतो. काढलेले मूळ पार्ट फेकू नयेत. पावसाळ्यात छप्पर द्यावे आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून गाडी थोडी फिरवून आणावी.

यातून पैसा मिळेलच असे नाही. बहुतेकांचा खर्चही भरून निघणार नाही. पण राजांच्या गाड्या राजांनी जपल्या. सामान्य माणूस कसा फिरला, हे उद्या दाखवायचे असेल तर ती गाडी सामान्य माणसालाच जपावी लागेल.